फुप्फुस धुणं : कुणाचं, कधी आणि कशासाठी?

गेल्या काही महिन्यांत निम्म्या पत्रांत एकच विचारणा आहे : ‘डॉक्टर, फुप्फुस धुऊन मिळतं का?’ म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

वडील तीस वर्षं विडी ओढतात. त्यांचं फुप्फुस धुता येईल का? (मालवण)

नाही. विडी सोडवा आणि फुप्फुसांची फुंकर तपासणी (स्पायरोमेट्री) करून घ्या.

भावाला ‘पीएपी’ सांगितलंय. धुणार म्हणजे नेमकं काय करणार? (रत्नागिरी)

पीएपी म्हणजे पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. हा आजार दहा लाखांत जेमतेम सात-आठ जणांना असतो. फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांना आतून एक स्निग्ध थर असतो. जुना थर उचलून नेणाऱ्या पेशी काम करेनाशा झाल्या की तो साचतो आणि प्राणवायू रक्तात शिरत नाही. भूल देऊन, दुहेरी नळी घालून एका फुप्फुसाने श्वास चालू ठेवतात. दुसऱ्यात अंगाइतकं कोमट सलाइन अर्धा-एक लिटर सोडतात, छाती थोपटतात, पाणी बाहेर घेतात. असं पंधरा-वीस लिटर, कधी त्याहून जास्त. पहिली बाटली दुधासारखी येते, तळाशी साका बसतो. मग तांदळाच्या धुवणासारखी, शेवटी नितळ. दुसरं फुप्फुस बहुधा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. या कामात मुरलेला भूलतज्ज्ञ जिथे आहे तिथेच हे करून घ्या.

मुलगा सिलिका वाळूच्या कामावर होता. आठ महिने टीबीच्या गोळ्या चालू आहेत, बेडक्यात जंतू कधीच सापडले नाहीत. आता घाटी चढतानाही बसावं लागतं. (कणकवली)

हे पत्र मी दोनदा वाचलं. एक्स-रेवर पांढरं दिसलं की टीबी, हा हिशेब आपल्याकडे फार माणसांना महागात पडतो. बेडक्याची सीबीनॅट तपासणी (टीबीचे जंतू त्यांच्या जनुकांवरून शोधणारी) सरकारी टीबी कार्यक्रमात मोफत होते. ती झाली का? आठ महिन्यांत धाप वाढतच असेल, तर निदान पुन्हा तपासायला हवं होतं, आणि तेही तिसऱ्या महिन्यातच. सिलिकाची धूळ थोड्या काळात भरपूर गेली तर फुप्फुसात असाच दुधाळ थर साचू शकतो. त्याच धुळीने टीबीचा धोकाही वाढतो, म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सीटी स्कॅन, दुर्बिणीने तपासणी, रक्तातली अँटिबॉडी यांबद्दल छातीच्या तज्ज्ञाला विचारा. कामाचा इतिहास त्यांना स्वतःहून सांगा. पुष्कळदा कुणी विचारतच नाही. आणि ओठ निळसर दिसले तर गणपती होईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी न्या.

‘फुप्फुस डिटॉक्स’ काढ्याचं पाकीट दीड हजाराला मिळतं. घेऊ का? (गुहागर)

पोटात गेलेला काढा फुप्फुस धुत नाही. ते पैसे तपासणीला ठेवा. विकणाऱ्याकडे रुग्णाचा आधीचा आणि नंतरचा सीटी मागा, दाखवतो का बघा.

एकदा धुतलं की आजार गेला? शेजारी म्हणतात, स्टेरॉइडने लवकर सुटतो. (अलिबाग)

काहींना एकदाच पुरतं, काहींना पुन्हा धुवावं लागतं. पीएपीचे बहुतेक रुग्ण स्वयंप्रतिकार प्रकारचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेले असतात. त्यात स्टेरॉइडचा उपयोग दिसत नाही, उलट जंतुसंसर्गाची भीती वाढते. वाफेवाटे घ्यायचं एक औषध आहे, ते कुणाला द्यायचं हे तज्ज्ञच ठरवतील. जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, गादीखाली ठेवलेल्या जुन्या फिल्म्ससुद्धा न्या.