नवीन डेस्कटॉपमधून मधूनच विचित्र आवाज येतो. उघडून बघू की दुकानात नेऊ?

तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांपूर्वी डेस्कटॉप असेंबल करून घेतला, आतून मधूनच 'विचित्र आवाज' येतो आणि दुकानदार म्हणतो, "सगळ्यांचाच येतो, होईल हळूहळू कमी." तसं काही होत नसतं. नवी चप्पल चावायची थांबते, पण पंख्याला घासणारी वायर आपणहून बाजूला सरकत नाही.

उघडायचंच आहे, पण आधी तो 'विचित्र' शब्द टाकून द्या. त्यानं कुणालाच काही कळत नाही. आवाजाला आपल्याकडे शब्दांचा काय तुटवडा आहे? घरघर, खरखर, टरटर, गुणगुण, खळखळ, टकटक. रात्री घरातले पंखे बंद करून दहा मिनिटं शांत बसा आणि यातला एक शब्द निवडा. सोबत आवाज कधी येतो तेही टिपून ठेवा: चालू करताना, गेम खेळताना, की नुसता पडून असताना. निम्मा शोध तिथंच लागतो.

ही अक्कल माझी नाही, आईची. तिनं आयुष्यभर शिवणयंत्र चालवलं. बॉबिनमध्ये दोरा गुंतलाय की पट्टा सैल झालाय, हे ती स्वयंपाकघरातून सांगायची.

मी माझं मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारातून, बांधून घेतलं होतं. तिसऱ्याच दिवशी आवाज सुरू झाला. ब्राउझर उघडला की चार-पाच सेकंद वाजायचं आणि बंद. गंमत म्हणजे तासभर गेम खेळलो, सगळे पंखे जोरात फिरले, तरी हूं की चूं नाही. म्हणून मी पंख्यांना आरोपींच्या यादीतून वगळलं. पंखा बिघडला असता तर जोरात फिरताना जास्त वाजला असता, असं माझं गणित. मग संशय हार्डडिस्कवर. तिला काढून ठेवलं, आवाज तसाच. शेवटी कॅबिनेट टॅक्सीत मांडीवर घेऊन दुकानात गेलो. तिथं अर्धा तास चालवलं, मशीन मुकाट. काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते. घरी आल्यावर दोन दिवस शांतता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आई मागून म्हणाली, "ही घरघर नाही रे, टरटर आहे. पत्र्याला काहीतरी टेकलंय."

आणि मला एकदम एसटी आठवली. स्टँडवर उभ्या एसटीच्या खिडक्या कशा थडथडतात, दात हलतील इतक्या, आणि गाडीनं वेग घेतला की त्याच खिडक्या गप्प होतात. इंजिनाची थरथर एका ठराविक गतीला असते तेव्हाच त्या काचेला ती लागू पडते. माझ्या पंख्याचंही तेच चाललं होतं. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणभर तापतो, पंखा वेग वाढवतो, त्या वाजणाऱ्या वेगावर थोडा वेळ रेंगाळतो आणि खाली येतो. गेममध्ये तो वेग ओलांडून थेट वर जातो, म्हणून तिथं शांत.

हे तपासणं सोपं आहे. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, पंख्यांचा वेग हातानं ठरवता येतो. मी कॅबिनेटचा पंखा शंभर-शंभर फेऱ्यांनी वाढवत नेला. मिनिटाला 1100 फेऱ्या झाल्या आणि टरटर सुरू, 1300 ओलांडल्या आणि बंद. आता त्या वेगावर पंखा ठेवून कॅबिनेटच्या चारी बाजूंना आळीपाळीनं तळहात दाबून बघितला. मागच्या बाजूचा पत्रा दाबला आणि आवाज तोडल्यासारखा थांबला. तो पत्रा काढला, तर एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) केबलचं न वापरलेलं एक टोक लोंबकळत होतं, प्लॅस्टिकचा कनेक्टर पत्र्याला जेमतेम टेकलेला. टॅक्सीच्या धक्क्यांनी ते बाजूला गेलं असणार आणि नंतर परत जागेवर आलं. एक झिप टाय लावला, संपलं. तीन रात्री आणि टॅक्सीचं भाडं गेलं ते वेगळंच.

तुमचा शब्द टरटर असेल तर वरचीच वाट धरा. हार्डडिस्कला चारऐवजी दोनच स्क्रू मारलेत का, काचेचं झाकण नीट बसलंय का, आणि हसू नका, पण कुठं पॅकिंगची पारदर्शक पट्टी राहून गेली आहे का, तेही बघा.

पंख्याच्या बाबतीत थोडा हिशेब कामाला येतो. 1200 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 20. सात पात्यांचा पंखा असेल आणि वायर प्रत्येक पात्याला लागत असेल, तर सेकंदाला 140 टोले पडतात. ते वेगवेगळे ऐकूच येत नाहीत, सलग 'टर्रर्र' असा सूर लागतो. म्हणजे तुमचा आवाज सेकंदाला एकदा 'टिक' असा असेल, तर पात्याला लागणारी वायर शोधत बसू नका. आवाज कमी-जास्त होत लाटेसारखा 'वँव... वँव' येत असेल तर बहुतेक दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगानं फिरताहेत. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की असाच हेलकावा ऐकू येतो. एकाचा वेग थोडा बदला, जातो.

'चीं' किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज, आणि तोही गेमच्या मेन्यूत किंवा लोडिंगच्या पडद्यावर जास्त? ते ग्राफिक कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांचं काम. त्यांतून जाणारा प्रवाह भराभर कमी-जास्त होतो तशी ती सूक्ष्म थरथरतात. साध्या मेन्यूत कार्ड उगाचच सेकंदाला शेकडो, कधी हजारो चित्रं काढत बसतं. सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा 60 करा, बहुतेकदा शिट्टी विरते. यानं कार्ड खराब होत नाही, फक्त डोकं उठतं. माझ्या भाच्याला हा आवाज असह्य होतो, मला चाळिशीनंतर तो ऐकूही येत नाही. म्हणून एखादा तरुण कान मदतीला घ्या.

खळखळ असेल आणि मशीनला पाण्याचं कूलिंग असेल, तर नळ्यांमध्ये हवा आहे. पंप सगळ्यात उंचावर बसवला असेल तर हवा तिथंच साचते. रेडिएटरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीचा, वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. हे काम दुकानदाराकडून करून घ्या, चूक त्याची आहे.

टकटकीला मात्र हलक्यात घेऊ नका. फक्त एसएसडी असेल तर प्रश्नच नाही, तिच्यात हलणारं काही नसतं. पण हार्डडिस्क असेल, टक् टक् टक् असं एका लयीत चाललंय आणि त्याच वेळी फाइल उघडायला वेळ लागतोय, तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या. बंद करताना एकदाच 'टक्' होतं ते वेगळं, डिस्क वाचणारं डोकं जागेवर जाऊन बसल्याचं.

आणि एकच 'टक्', मध्ये बराच वेळ काही नाही, मग पुन्हा 'टक्', विशेषतः संध्याकाळी? टेबलाखाली वाका. व्होल्टेज खाली-वर झालं की यूपीएसमधला रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, तसा वाजतो. कॅबिनेट बिचारं निर्दोष असतं.

आवाज नेमका कुठून येतो ते शोधायला स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं मशीनजवळ फिरवत न्या, दुसरा कान बोटानं बंद. झाकण उघडं असताना नळी पंख्यापासून लांब ठेवा आणि बाहीची टोकंही. पंखा थांबवायला बोट घालणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यापेक्षा मशीन बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या एकेका पंख्याची वायर सोडवून बघा. फक्त प्रोसेसरच्या पंख्याची सोडवू नका.

एसएमपीएसमधूनच आवाज येतोय असं ठरलं, तर तिथं थांबा. तो डबा उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही नाही. आपल्या 230 व्होल्टच्या लाइनीवर त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर सव्वातीनशे ते चारशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. बदलूनच मागा.

वॉरंटीचं म्हणाल तर असेंबल केलेल्या मशीनमध्ये ती एकेका भागावर असते, बाजूचं झाकण काढल्यानं सहसा काही बिघडत नाही. तरी कॅबिनेटवर दुकानाचं सील चिकटवलेलं असेल तर ते फाडण्याआधी एक फोन करा.

नेण्याची वेळ आलीच तर माझ्यासारखं नुसतं मशीन घेऊन जाऊ नका. आवाज चालू असतानाच फोनवर व्हिडिओ काढा, स्क्रीनवर पंख्याचा वेग दिसेल असा. दुकानात एसी, रस्ता आणि दहा गिऱ्हाईकं एकदम बोलत असतात, तिथं तुमची टरटर कुणालाच ऐकू येणार नाही.