1937 चा ‘ब्लॅक लीजन’ आज बघण्यासारखा आहे का? त्यातली संघटना खरी होती का?

‘ब्लॅक लीजन’ ही परक्यांचा द्वेष करणारी गुप्त संघटना खरी होती, अगदी नावासकट. आणि चित्रपट जरूर बघा. पण तुम्ही प्रश्नाखाली एक ओळ जोडली आहे: “हक्काची बढती हुकते म्हणून नायक बहकतो, त्यामुळे त्याची दयाच येते.” मला लिहायचंय ते या ओळीबद्दल. नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात एकदा जोरदार वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

आम्ही अमेरिकेत, मोटारींचं शहर असलेल्या डेट्रॉइटच्या जवळ राहतो. हे, म्हणजे माझे यजमान, टूल अँड डायच्या (साचे आणि हत्यारं बनवण्याच्या) कामातले, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. 1982 मध्ये इथेच, हायलँड पार्कमध्ये, व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारलं आणि चार दिवसांनी तो गेला. जपानी गाड्यांमुळे इथल्या नोकऱ्या जातात, हा राग तेव्हा सगळीकडे होता. चिन जपानी नव्हताच, पण तेवढं बघायला कोण थांबतंय? मारणारे दोघे सावत्र बापलेक. बाप मोटार कारखान्यात फोरमन, मुलाची कारखान्यातली नोकरी गेलेली. शिक्षा काय झाली, तर तीन वर्षांचं प्रोबेशन आणि प्रत्येकी 3,000 डॉलर दंड. तुरुंग नाही.

त्याच सुमारास ह्यांना टूलरूमचं लीडमन, म्हणजे तिथल्या कामगारांचा प्रमुख, केलं. आठवडाभरात ह्यांच्या टूलबॉक्सच्या कुलपात कोणीतरी गोंद ओतून ठेवला. हे ती पेटी तशीच गाडीत घालून घरी घेऊन आले आणि गॅरेजमध्ये बसून हॅकसॉने कुलूप कापत राहिले. आतले मायक्रोमीटर स्वतःच्या पैशांनी घेतलेले, ते एकेक काढून पुसले, परत जागेवर ठेवले. कोणी केलं ते कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून एका माणसाने ह्यांच्याशी बोलणं टाकलं. तोच माणूस आदल्या उन्हाळ्यापर्यंत स्वतःच्या बागेतली झुकिनी पिशवी भरभरून आमच्या दारात आणून देत होता.

त्यामुळे ‘ब्लॅक लीजन’ बघताना मी पहिल्यापासून डोंब्रोव्स्कीकडे, म्हणजे ती बढती ज्याला मिळते त्याच्याकडे, बघत होते. हंफ्री बोगार्टचा फ्रँक टेलर कारखान्यात कामगार आहे. नोकरी पक्की, घर आहे, बायको चांगली, मुलगा गोड. फोरमनची जागा आपल्यालाच मिळणार असं तो धरून चाललाय. ती मिळते जो डोंब्रोव्स्की या पोलिश घरातल्या तरुणाला, जो शिकण्याच्या मागे आहे. मग फ्रँक रेडिओवर परक्यांविरुद्धचं भाषण ऐकतो आणि कारखान्यातलाच एक जण त्याला गुप्त बैठकीला घेऊन जातो. रानात काळे झगे, पिस्तुलाच्या धाकाखाली शपथ. पुढे डोंब्रोव्स्की बापलेकांचं घर जाळून त्यांना गावातून हाकलून देतात. फ्रँक फोरमन होतो, नवी गाडी घेतो.

आता वाद. काही वर्षांपूर्वी आमच्या बेसमेंटमध्ये मंडळी जमली होती, तेव्हा मी हा चित्रपट लावला. स्नेह्यांमधले एक गृहस्थ, अतिशय हुशार इंजिनियर, त्यांना डावलून कंपनीने नुकतंच एका तरुण चिनी मुलाला ग्रुप लीडर केलं होतं. चित्रपट संपल्यावर ते म्हणाले, “वहिनी, फ्रँकने केलं ते चूकच. पण राग काही खोटा नव्हता. बाहेरून येतात आणि डोक्यावर बसतात.” मी म्हटलं, “अहो, तुम्ही कुठून आलात?” ते म्हणाले, “आपलं वेगळं. आपण रीतसर आलो.” जणू डोंब्रोव्स्की भिंत चढून आला होता! माझा आवाज चढला, ह्यांनी चहाचं निमित्त काढून विषय बदलला. पण तेव्हापासून जेव्हा भेटतो तेव्हा तोच विषय निघतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. फ्रँक गरिबीने बहकलेला नाही. त्याच्या तोंडचा घास कोणीही काढलेला नाही. जी जागा त्याची नव्हतीच, ती आपली होती असं त्याने ठरवलं आणि दुसऱ्याला चोर ठरवलं. 1930 च्या दशकातल्या मंदीने लोक असे झाले असं म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की त्याच मंदीत, त्याच कारखान्यात, त्याचा मित्र एड असा का झाला नाही. त्याच एडला पुढे फ्रँकच्या हातून गोळी लागते.

चित्रपटातला सगळ्यात धारदार भाग मात्र लोक विसरतात. संघटनेचे वरचे लोक टेबलाशी बसून हिशेब करताहेत: झगे किती खपले, पिस्तुलं किती खपली, नफा का घटला. मग फर्मान निघतं की प्रत्येकाने नवे सभासद आणा. फ्रँकच्या द्वेषावर कोणीतरी दुकान चालवतंय आणि त्याला ते कळतही नाही. आमच्या स्नेह्यांना दिवसभर व्हॉट्सॲपवर जे येत असतं, ते धाडणाऱ्यांनाही हेच लागू आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

खऱ्या संघटनेबद्दल थोडक्यात. कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी गुप्त संघटनेमधून फुटून 1920 च्या दशकात ती ओहायोत सुरू झाली आणि मिशिगनमध्ये पसरली. मे 1936 मध्ये डेट्रॉइटजवळ चार्ल्स पूल या कॅथलिक कामगाराला या लोकांनी गोळ्या घालून मारलं. कारण काय, तर तो बायकोला मारतो अशी उठवलेली अफवा. बायको तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. डेटन डीन या मारेकऱ्याने कबुली देऊन बाकीच्यांविरुद्ध साक्ष दिली. वॉर्नर ब्रदर्सने त्यावर वर्षाच्या आत, जानेवारी 1937 मध्ये, चित्रपट आणलासुद्धा. आपलं बोधचिन्ह वापरलं म्हणून क्लानने त्यांच्यावर खटला भरला आणि तो फेटाळला गेला. 1915 मध्ये याच चित्रसृष्टीने क्लानला शूरवीर करून दाखवलं होतं आणि त्याच वर्षी क्लान पुन्हा उभी राहिली. ते लक्षात घेतलं की 1937 मधलं धाडस कळतं.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. चित्रपटात मार खाणारे सगळे गोरे आहेत. खऱ्या ब्लॅक लीजनने काळ्या लोकांना सोडलं नव्हतं. 1935 मध्ये सायलस कोलमन या काळ्या माणसाला मारलं, ते काळ्याला गोळी घालताना कसं वाटतं हे एकाला बघायचं होतं म्हणून. हे डीननेच सांगितलं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा नेता माल्कम एक्स याने आत्मचरित्रात या संघटनेने आपल्या वडिलांना दिलेल्या त्रासाबद्दल लिहिलंय. यातलं काहीही पडद्यावर नाही. शेवटी न्यायाधीशाचं भाषणही लांबलंय. तरी एकूण 83 मिनिटांचा आहे, कंटाळा येत नाही. ‘कॅसाब्लांका’तला रुबाबदार नायक बोगार्ट डोळ्यांसमोर ठेवून बसू नका. इथे तो भित्रा, हावरा, मग दारुडा झालाय, आणि काम त्याने कमाल केलंय.

फ्रँकला पश्चात्ताप होतो, तो कोर्टात खरं बोलतो, हे खरं. त्यासाठी दया वाटली तर माझी हरकत नाही. पण बढती हुकली म्हणून नको. त्या जागी बढती मिळालेल्या माणसाचं घर जळालंय, आणि त्याने फ्रँकचं काहीच घेतलेलं नव्हतं. आमच्या स्नेह्यांनाही मी हेच सांगते. या उत्तराची लिंक त्यांना पाठवणार आहे.