आईचा सातवा फोन

प्रश्न : वय ३१, नागपुरात मिहानमध्ये नोकरी. बाबा वारल्यापासून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी. दोन मुलींशी जुळलेलं आईमुळे मोडलं. आता तिसरीला भेटायला निघालो की आईचं बीपी वाढतं. फुटाळा तलावावर तासभर बसलो तर सात-आठ फोन, "काहून नाही आला अजून?" मैत्रीण म्हणते, दिवाळीपर्यंत काय ते ठरव. आईला कसं समजावू?

उत्तर : समजावणं सध्या राहू द्या. दोन्ही वेळा आईमुळे मोडलं हे पत्रात आहे, तुम्ही काय म्हणालात ते नाही. अशा घरांत मुलगा बहुधा निरोप्या होतो. आईला सांगतो, 'तिला वेगळं राहायचंय'. तिला सांगतो, 'आई नाही म्हणते.' दोघी एकमेकींवर चिडतात आणि हा मधल्यामध्ये सुटतो. यापुढे 'मला हिच्याशी लग्न करायचंय' असं स्वतःच्या नावावर बोला.

निघताना परतायची वेळ सांगा, मध्ये एकदा आपणहून फोन करा, बाकीचे उचलू नका. सहा सोडून सातवा उचललात तर सात लावले की मुलगा बोलतो, हे आईला कळतं. पुढच्या वेळी दहा येतात. नियम पाळला तरी सुरुवातीला फोन आणि रडणं वाढू शकतं. इथेच मुलं कच खातात. सांगितलेली वेळ मात्र चुकवू नका.

बीपीला नाटक म्हणू नका, ताणाने ते खरंच चढतं. डॉक्टरांना दाखवा. दंडाला बांधायचं यंत्र आणून, पाच मिनिटं शांत बसल्यावर, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना अडखळणं असेल तर थेट रुग्णालय. एरवी गोळी वेळेवर आणि तुमची भेटही वेळेवर.

दोघींची पहिली भेट घरी जेवायला नको, तिथे मुलीची परीक्षाच होते. बाहेर, चहापुरती, पाऊण तास. त्याआधी मैत्रिणीशी राहणार कुठे, आईला दरमहा किती द्यायचे, घराची किल्ली कोणाकडे, हे आकड्यांत बोलून घ्या.

बाबांनंतर बँक, वीजबिल, गॅस सगळं तुमच्याकडे आलं असेल, तर एकेक काम आईला शिकवून तिच्या हाती द्या. एकटेपणाची भीती पुष्कळदा एटीएम वापरता न येण्याइतकी साधी असते.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. लग्न मोडण्याचं वचन मात्र त्या रात्री देऊ नका.