टेक्सासमध्ये मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं असेल तर कुणाची परवानगी लागते?

परवानगी लागत नाही, नोंदणीही नाही. आपल्याकडच्या दाखल्या-शिक्क्यांची सवय असलेल्यांना हे पटायला जड जातं, पण टेक्सासमध्ये घरची शाळा ही कायद्याच्या नजरेत खासगी शाळाच. लीपर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हे कायम केलं.

अटी मोजक्या आहेत. शिकवणं खरंखुरं हवं, नुसतं नावापुरतं नको. अभ्यासक्रम डोळ्यांनी पाहता येईल असा हवा, मग पुस्तकं असोत, वह्या असोत की व्हिडिओ. त्यात वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय आलेच पाहिजेत. पालकांची पदवी किंवा मुलांची सरकारी परीक्षा कुणी मागत नाही.

लोक चुकतात ते एकाच ठिकाणी. मूल आत्ता सरकारी शाळेत असेल तर अमुक तारखेपासून घरी शिकवणार असल्याचं सहीचं पत्र किंवा ईमेल शाळेला आधी द्या आणि प्रत जपून ठेवा. न सांगता पाठवणं बंद केलंत तर गैरहजेरी लागत जाते आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. पुढे परत सरकारी शाळेत घालायचं झालं तर इयत्ता ठरवायला शाळा चाचणी घेऊ शकते, म्हणून वह्या टाकू नका.