स्वस्त तिकीट, दोन पीएनआर आणि मधले अडीच तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि रक्तदाब असलेल्या 64 वर्षांच्या आई, तिघांचाही पहिलाच परदेश प्रवास, बारा दिवस, बजेट बेताचं. सलग एका तिकिटाऐवजी दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं घेतली तर जवळपास पाव भाग पैसे वाचतायत आणि मध्ये अडीच तास मिळतायत. ते पुरतील का? आणि चौदा तासांच्या उड्डाणात आईंचे पाय, गोळ्या, झोप यांचं काय करायचं?

अडीच तास पुरणार नाहीत. पुरले तर ते नशीब, आणि नशिबावर तिघांची तिकिटं काढू नयेत.

एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, दोन विमानं असली आणि पहिलं उशिरा पोचलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. बॅगाही बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. दोन वेगळ्या तिकिटांत हे काहीच नसतं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. शिवाय अडीच तास हे कागदावरचे. चेक-इन काउंटर आंतरराष्ट्रीय उड्डाणाला साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे हातात राहिला दीड तास. त्यात विमानातून बाहेर पडणं, इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट बघणं, कस्टम्स, मग टर्मिनल बदलणं.

मी हे पैसे भरून शिकलो. पहिलं विमान एक तास चाळीस मिनिटं उशिरा पोचलं. पट्ट्यावर आमची निळी बॅग शेवटून तिसरी आली, आणि आम्ही धापा टाकत काउंटरला पोचलो तेव्हा ते बंद होऊन नऊ मिनिटं झाली होती. विमान अजून गेटवरच होतं, समोरच्या पाटीवर त्याचा नंबर दिसत होता. नवीन तिकीट त्या दिवसाच्या भावात घ्यावं लागलं. खरा फटका मात्र दहा दिवसांनी बसला: परतीचा ऑनलाइन चेक-इन करायला गेलो तर बुकिंगच सापडेना. जायचा टप्पा वापरला नाही की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे कंपन्या सहसा रद्द करतात, परतीसकट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते असं.

आणि यात व्हिसाची एक गोम आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एका तिकिटावर असाल तर बरेचदा विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलता येतं. वेगळ्या तिकिटावर चेक-इन बॅग असेल तर ती घ्यायला त्या मधल्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. मग तुमच्या पासपोर्टला तिथला प्रवेश व्हिसा लागतो का, हे बघणं आलं. आतल्या आत बदलण्यापुरता ट्रान्झिट व्हिसा तिथे चालत नाही. कागद अपुरे असलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत न्यावंही लागतं, त्यामुळे ती तुम्हाला निघतानाच अडवते. पासपोर्टचंही तेच. अनेक देशांना सहा महिन्यांची वैधता लागते. शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) तुम्ही तिथून निघाल्यानंतर तीन महिने चालतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. आईंचा आजच कपाटातून काढून तारीख बघा.

दोन तिकिटंच परवडत असतील तर मध्ये एक अख्खी रात्र ठेवा आणि त्या गावाला सहलीतला एक दिवस देऊन टाका. व्हिसा सोपा असेल तर हा सौदा मला खरंच आवडतो: चौदा तासांचे दोन तुकडे होतात आणि आईंना आडवं व्हायला मिळतं.

बेताच्या सहलीतले पैसे अशा सांध्यांतूनच गळतात. तिकीट आपण महिनाभर घासाघीस करून घेतो, आणि विमानतळ ते खोली, रात्र ते सकाळ, एक चलन ते दुसरं या जागा तशाच सोडून देतो. पोचण्याची वेळ बघा. स्वस्त विमानं बहुधा आडवेळी उतरतात. रात्री साडेबारानंतर शहरात जाणारी शेवटची गाडी गेलेली असते आणि टॅक्सीत तिकिटातली बचत जाते. पहाटे पाचला उतरलात तर खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळत नाही. तीन थकलेली माणसं आणि सामान घेऊन नऊ तास काढायचे. त्यामुळे तिकीट काढण्याआधी विमानतळावरून निघणाऱ्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ शोधा, आणि खोलीवाल्याला लिहून विचारा की बॅगा सकाळी ठेवून घ्याल का. बहुतेक जण ठेवतात. माझं मत विचाराल तर पहिल्या रात्री कंजुषी करू नका: स्टेशनजवळची, लिफ्ट असलेली खोली घ्या, आणि काटकसर तिसऱ्या दिवसापासून सुरू करा.

खोलीचा दर बघताना जाण्यायेण्याचा खर्च त्यात मिळवा. शहराबाहेरची स्वस्त खोली तिघांच्या रोजच्या भाड्याने महाग होऊन बसते, आणि दिवसाचे दीड-दोन तास जातात ते वेगळेच. स्वयंपाकाची सोय आणि वॉशिंग मशीन असलेली खोली दिसायला महाग वाटली तरी तिघांत ती स्वस्त पडते. मशीनमुळे कपडेही चार-पाच दिवसांपुरतेच न्यावे लागतात. अनेक शहरांत मुक्कामाचा कर माणशी आणि रात्रीमागे वेगळा घेतात, तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसू शकतो. पर्यटकांचा पास घ्यायचा मोह आवरा. आपण दिवसात खरोखर किती ठिकाणी जाणार ते कागदावर लिहून बेरीज करा. आई बरोबर असताना दोनच्या वर ठिकाणं होत नाहीत.

कार्डाचं यंत्र विचारतं, तुमच्या चलनात घेऊ का इथल्या? नेहमी तिथलं चलन निवडा. घरचं चलन निवडलं की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि तो जवळपास नेहमीच तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. एटीएमसुद्धा हाच प्रश्न फिरवून विचारतं, तिथे रूपांतर नाकारायचं. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे असू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ओटीपी. तिथलं सिम घातलं आणि घरचं काढून ठेवलं, तर बँकेचा संदेश येणार कुठे? घरच्या नंबरवर रोमिंगमध्ये एसएमएस येतो ना हे निघण्याआधी बघा. इंटरनेटसाठी ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं) घेतलंत तर घरचं सिम फोनमध्येच राहतं.

विमा तिकीट काढलं त्याच दिवशी घ्या, म्हणजे निघण्याआधीच कुणी आजारी पडलं तर प्रवास रद्द करण्याचं कलम उपयोगी पडतं. आईंचा रक्तदाब अर्जात लिहा. लपवला तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. शेंगेन व्हिसासाठी वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो.

आता आईंबद्दल. लांब बसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती तुम्ही लिहिलीत. ती अगदीच पोकळ नाही, पण तिचं माप माहीत असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, तरीही तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच राहतो. आधी गुठळी झालेली असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. गुठळी होऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका. आईंना पॅसेजच्या बाजूची जागा द्या. खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने उठतच नाही. दीड-दोन तासांनी एक फेरी, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली, आणि पायाशी बॅग ठेवायची नाही. घट्ट मोजे घ्यायचे तर मापाचे घ्या. गुडघ्याखाली वळ उठवणारे मोजे नसलेले बरे.

विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, आर्द्रता बरेचदा 10 ते 20 टक्के. आतला दाबही सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा कमी असतो, म्हणून पोटातला वायू फुगतो आणि पोट तट्ट होतं. ढिले कपडे, थोडंथोडं खाणं, दर तासाला चार घोट पाणी. दारू झोप आणते असं वाटतं, पण ती झोप मोडकी असते. नाकात मलम आणि डोळ्यांचे थेंब हाताशी ठेवा. विमान खाली उतरायला लागलं की आईंना जागं करा. झोपेत आपण कमी गिळतो, आणि मग कानात दडे बसून ते दुखतात.

गोळ्या सगळ्या केबिन बॅगेत, मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव असू द्या, कारण ब्रँड परदेशात कुणाला कळत नाही. दोन-चार दिवसांच्या जास्त घ्या. रोज एकदाच घ्यायची गोळी असेल तर प्रवासाच्या दिवशी घड्याळाऐवजी मागच्या गोळीपासूनचे तास मोजा आणि नव्या वेळेवर कसं सरकायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणा. सर्दी-खोकल्याची साधी औषधंही काही देशांत चालत नाहीत: जपानमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं नेता येत नाहीत, आणि संयुक्त अरब अमिरातीत कोडीनवर निर्बंध आहेत.

झोपेसाठी उशी, डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे पुरतात. पट्टा पांघरुणाच्या वरून लावा. नाहीतर हादरे सुरू झाले की पट्टा बघायला कर्मचारी उठवतात.

जेट लॅगवर एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शरीराचं घड्याळ उजेडाने सरकतं, पण कुठल्या बाजूला सरकणार ते वेळेवर ठरतं. रोजच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे नेतो, म्हणजे झोप आणि जाग लवकर येते, त्याआधीचा मागे नेतो. समजा तुम्ही घरी सातला उठता, म्हणजे तो क्षण साडेचारच्या सुमाराचा. पूर्वेला सहा तास पुढच्या ठिकाणी उतरलात तर तोच क्षण तिथल्या साडेदहाला येतो. सकाळी सहाला उतरून लगेच उन्हात हिंडलात तर घड्याळ नेमकं उलट्या दिशेला जाईल. म्हणून साडेदहापर्यंत गॉगल, मग भरपूर ऊन. पश्चिमेला जाताना काम सोपं: संध्याकाळी उजेडात राहायचं आणि डोळे मिटत असले तरी स्थानिक नऊपर्यंत ताणायचं. दुपारी झोपलात तर गजर लावून, वीस-तीस मिनिटंच. पूर्वेला गेल्यावर दिवसाला साधारण एक तास भरून निघतो, म्हणून बारा दिवसांतल्या पहिल्या दोन दिवसांत पैसे भरलेलं काहीच ठेवू नका.

सामान. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. 100 वॅट-तासांपर्यंतची केबिनमध्ये सहसा विनापरवानगी चालते. 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॅट-तास. काही कंपन्यांनी 2025 पासून ती विमानात वापरायलाच मनाई केली आहे, तेव्हा फोन घरून भरून घ्या. केबिन बॅगेतल्या पातळ पदार्थांचा 100 मिलीचा नियम बाटलीच्या मापावर चालतो, तळाशी उरलेल्या शाम्पूवर नाही. आईंची औषधं त्यातून सुटतात, फक्त वेगळी काढून दाखवा. केबिन बॅगेची मापं चाकं आणि मुठीसकट धरतात. प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड दुसऱ्याच्या बॅगेत घाला, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी कुणी अडत नाही.

बॅग आलीच नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची, ती हातात आल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. मधल्या काळात घेतलेल्या टूथब्रशपासून सगळ्याच्या पावत्या ठेवा. निघताना उघड्या बॅगेचा एक फोटो काढून ठेवा. आत काय होतं हे तिसऱ्या दिवशी अर्ज भरताना आठवत नाही.

परतीचा दिवसही आजच बघून ठेवा. खोली अकराला सोडायची आणि विमान रात्री अकराचं, असं झालं तर आईंना टेकायला जागा कुठली? अर्ध्या दिवसाची खोली, नाहीतर सामान ठेवायची जागा आणि जवळची बाग. आणि आईंचे ते घट्ट मोजे विमानतळावर घालायचा बेत असेल तर तो बदला. दिवसभर चालून पाय सुजले की ते टाचेवरून वर चढत नाहीत. खोली सोडायच्या आधी, आईंना पलंगावर पाय लांब करून बसवून, तुम्हीच चढवून द्या.