∠अबक आणि ∠कबअ हे वेगळे कोन आहेत का?

नाही, दोन्ही एकच कोन आहेत, कारण दोन्ही नावांत शिरोबिंदू ब, म्हणजे दोन्ही भुजा जिथे मिळतात तो बिंदू, मध्येच आहे. टोकाची अक्षरं उलटली तरी भुजा बअ आणि बक त्याच राहतात. ∠बअक मात्र वेगळा, त्याचा शिरोबिंदू अ. सोलापुरात सहावीच्या मुलांना भूमिती शिकवताना मी आधी शिरोबिंदूवर बोट ठेवायला सांगते, मगच नाव लिहायला. नुसतं ∠ब लिहिलेलंही चालतं, पण ब पाशी तिसरा किरण निघाला की तीन अक्षरं हवीतच. एवढं मात्र ध्यानात ठेवा: नावावरून कोन आतला की बाहेरचा ते कळत नाही. आतला ७०° चा लघुकोन असेल तर बाहेरचा २९०° चा प्रविशाल कोन, म्हणजे १८०° पेक्षा मोठा. तो हवा असेल तर आकृतीत कंस काढून दाखवावा लागतो.