पर्यावरणीय न्याय सरकारी धोरणात आणि ईआयएमध्ये कसा आणता येईल?

पर्यावरणीय न्याय म्हणजे प्रदूषणाचा भार दुबळ्यांवरच पडू नये, आणि ईआयए म्हणजे प्रकल्पाआधी करायचा पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास. तर आधी माणसं नीट मोजा, मग धोरणाचं बघू. खरं तर उत्तर एवढंच, पण प्रश्न वाचून मला एक जनसुनावणी आठवली.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा विस्तार होता. सुनावणी लावली जानेवारीत, भर ऊसतोडीच्या हंगामात, सकाळी अकराला. मी ईआयएचा अहवाल चाळून गेलो होतो. हवा, पाणी, माती, आवाज, सगळ्याचे तक्ते. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतली. पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी चालते, तशी ती मार्च ते मे केलेली. घरोघर फिरले ते मे महिन्यात. मे महिन्यात आमच्या शिवारात एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, सापडायचा नाही.

डिस्टिलरीच्या मळीच्या सांडपाण्याच्या तळ्याला लागून खोप्या पडतात त्या बीडकडच्या ऊसतोडकऱ्यांच्या. हंगामभर तिथल्याच विहिरीचं पाणी पितात, पोरं तिथंच रांगतात. अहवालात त्यांचा आकडा शून्य. उठून विचारलं तर सल्लागार साहेब म्हणाले, "ते तात्पुरते आहेत." विहीर पण तात्पुरती का, हे मला घरी आल्यावर सुचलं.

साहेबांचं सोडा. शेजारी बसलेले माझे चुलते, कारखान्याचे जुने सभासद, सदरा ओढून म्हणाले, "खाली बस. ती काय आपल्या गावची हायत व्हय?" यावरून आमची अजून दर दिवाळीला जुंपते. अण्णा, ऊस तोडायला आपली आणि मोजायला परकी?

तर, पाहणी गाळपाच्या दिवसांतही करा, हंगामी माणसांची वेगळी नोंद ठेवा, सुनावणी संध्याकाळी घ्या. ईआयएच्या २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीआधी ३० दिवसांची नोटीस आहे, स्थानिक भाषेत सारांश आहे, पण गणपूर्तीची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झालीच. म्हणून हरकत लेखीही द्या, आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात तोवर हलू नका. आमचं अर्धं गाव त्याआधीच चहाला गेलं होतं. आणि हे सगळं कायद्यातच हवं. अमेरिकेत १९९४ पासून पर्यावरणीय न्यायाचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश होता, जानेवारी २०२५ मध्ये एका सहीत गेला.

मी वकील नाही. शिवाय त्याच कारखान्याच्या ऊसबिलावर माझं कॉलेज झालंय, हेही सांगून टाकतो. विस्तार झाला. खोप्या आता तळ्यापासून चार सऱ्या लांब पडतात. चुलते म्हणतात, "बघ, ऐकलं की तुझं."